दोन किलोंचे पिल्लू

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या फाटकाशी, स्कूटरच्या चाकामागे दबून बसलेली एक पांढरी कोंबडी सापडली. तिच्या पाठीवर कुणीतरी टाकलेला गुलाबी रंग होता, छातीवर पिसे नव्हती आणि एका पायाने ती लंगडत होती. आम्ही घरातले सगळे शाकाहारी. कोंबडी कुणी कधी हातात धरलेली नाही. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने तिला खोक्यात ठेवले आणि आता तो तिला सोडायला तयार नाही. आज सहावा दिवस आहे. पोळी, भात, पोहे, शेव, जे देऊ ते ती अधाशासारखी खाते, त्यामुळे ती सुधारते आहे असे वाटते. पण चालते फार थोडे, बहुतेक वेळ बसूनच असते. सासूबाईंना घरात हे नको आहे, त्यांना रोगराईची भीती वाटते. दोन गल्ल्या सोडून असलेला चिकनवाला म्हणतो, ती माझ्याच गाडीतून पडली, अडीचशे रुपये द्या नाहीतर परत करा. शेजारी म्हणतात, गावाबाहेर शेतात सोडून या. आम्ही काय करावे? आणि ती अंडी देऊ लागली तर त्या अंड्यांचे काय करायचे?"
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही की तुमच्या फाटकाशी कोंबडी आलेली नाही, पिल्लू आले आहे. आज संध्याकाळी घरातला टीव्ही बंद करून तिच्या खोक्याजवळ पाच मिनिटे शांत बसा आणि तिचा आवाज ऐका. मोठी कोंबडी घशातून खालच्या सुरात बोलते; ही बहुधा चिवचिव करेल, अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लासारखी. दोन किलोंच्या देहातून तो बारीक आवाज येताना ऐकला की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

पांढरी पिसे, उघडी छाती, न संपणारी भूक, बसून राहण्याची सवय आणि पहाटे चिकनच्या दुकानाकडे जाणारी गाडी, या सगळ्यावरून ती ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी, आहे याविषयी मला फारशी शंका नाही. तरीही खात्रीसाठी तिचे पाय आणि छाती पाहा. ब्रॉयलरचे पाय जाड आणि एकमेकांपासून दूर असतात, छाती रुंद व मांसल असते आणि तुरा लहान व फिकट असतो. अंड्यांसाठी पाळलेली पांढरी लेअर कोंबडी सडपातळ असते, तिचा तुरा मोठा होऊन एका बाजूला झुकतो आणि पुष्कळदा तिच्या चोचीचे टोक कापलेले असते. गावठी कोंबडी रंगीबेरंगी आणि चपळ असते. ती असती तर तुमच्या मुलाला एवढ्या सहज सापडलीच नसती. तिचे तुरा, चोच, पाय सगळे काळे असते, तर ती आपल्या झाबुआची कडकनाथ म्हणावी लागली असती आणि तिचा मालक कधीच शोधत आला असता. ब्रॉयलरला साधारण ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोंच्या आसपास वजन भरले की विक्रीला काढतात. म्हणजे तुमच्या खोक्यातील जीव जेमतेम सहा-सात आठवड्यांचा आहे आणि गाडीत चढवले जाईपर्यंत त्याने बहुधा उघड्या आकाशाखाली पाऊलही टाकलेले नव्हते.

हे इतके विस्ताराने सांगण्याचे कारण असे की गावठी कोंबडीला जपण्याची रीत आणि ब्रॉयलरला जपण्याची रीत एक नाही. ब्रॉयलरचे वाण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून असे घडवलेले आहे की त्याने भरपूर खावे आणि खाल्लेले झटपट मांसात बदलावे. ही वाढ इतक्या वेगाने होते की हाडे, सांधे, हृदय आणि फुप्फुसे तिला पुरी पडत नाहीत, आणि जो पक्षी सहाव्या आठवड्यात जाणारच आहे त्याच्या बाबतीत या उणिवेची फिकीर कुणाला नसते. ती अधाशासारखी खाते हे बरे होण्याचे लक्षण नाही; तिच्यात भूक भागल्याची जाणीवच फार कमी ठेवलेली आहे. तुम्ही मायेने वाटी पुन्हा पुन्हा भरत राहिलात, तर दोन-तीन महिन्यांत ती स्वतःच्या वजनाने बसेल, मग पाय अधू होतील, नाहीतर हृदय थकून पोटात पाणी साठेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, पशुवैद्यकाची पदवी हातात असताना, रस्त्यावर सापडलेले असेच एक पांढरे पिल्लू मी घरी आणले होते. मी दिसताच ते पंख पसरून, झोकांड्या खात धावत यायचे आणि मी दर वेळी मूठभर मका टाकायचो, कारण त्याचे धावत येणे मला आवडायचे. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ते दाण्याच्या भांड्याशेजारी उताणे पडलेले आढळले. पुस्तकात वाचलेले सारे मला ठाऊक होते. पण समोर चोच उघडून उभ्या असलेल्या जिवाला 'आता पुरे' म्हणणे मला जमले नव्हते. ते तुम्हाला जमावे, म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा आजपासून वाटी दिवसभर भरून ठेवू नका. एकदम उपास घडवायचा नाही. आठवडाभरात हळूहळू कमी करत दिवसाला सुमारे १०० ग्रॅमवर या आणि ते सकाळी व संध्याकाळी अशा दोन वेळांना विभागून द्या. स्वयंपाकघरातील काट्यावर एकदा मोजून घ्या आणि तेवढे मावेल अशी एक वाटी ठरवून ती फक्त तिच्यासाठी ठेवा, म्हणजे मुलगा, तुम्ही आणि घरातील आणखी कुणी तिघांनी तीनदा दिले असे होणार नाही. खाद्य वाढत्या कोंबड्यांचे, म्हणजे ग्रोअर मॅश असावे. ब्रॉयलरचे खाद्य वाढ आणखी वेगाने करते, आणि लेअरच्या खाद्यात अंड्याच्या कवचासाठी घातलेले कॅल्शियम एवढे जास्त असते की अंडी न देणाऱ्या पिल्लाच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. मॅश सुटे मिळेपर्यंत ज्वारी, भरडलेला मका आणि मीठ-फोडणीविना शिजवलेली थोडी डाळ यांवर काही दिवस भागवता येईल. यातला काही भाग वाटीत न देता कोरड्या जमिनीवर विखरून टाका, म्हणजे दाणे टिपण्यासाठी तिला दहा पावले चालावे लागेल. या पक्ष्याला औषधापेक्षा त्या पावलांची गरज जास्त आहे. सोबतीला कोथिंबीर, मेथी, काकडी, दुधीच्या साली, उन्हाळ्यात कलिंगडाचा पांढरा भाग यांनी पोट भरल्यासारखे होते आणि वजन वाढत नाही. कोंबडीला दात नसतात, दाणे तिच्या पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत खड्यांच्या मदतीने दळले जातात, त्यामुळे ज्वारीएवढे बारीक खडे असलेली वाटीभर वाळू जवळ ठेवावी. तिला हवे तेवढे ती स्वतः टिपते.

शेव मात्र आजच बंद करा. इंदूरच्या घरात शेवेचा डबा उघडला की सगळ्यांना थोडी-थोडी मिळते हे मी जाणतो, पण कोंबडीला मीठ फार थोडे सोसते. जास्त झाले तर आधी सारखी तहान लागते, मग पातळ विष्ठा, मग तोल जाणे आणि झटके. फोडणीचे पोहेही नकोत; कोरडे, साधे पोहे चिमूटभर चालतील. पोळी आणि भात फुगवतात आणि पोषण कमी देतात, म्हणून तेही क्वचितच. राजमा आणि तशी इतर कच्ची कडधान्ये, चहाचा चोथा, चॉकलेट, हिरवट झालेल्या बटाट्याची साल आणि बुरशी लागलेला मका यांतले काहीही देऊ नये. बुरशीच्या बाबतीत तर 'झटकून, निवडून देऊ' असा विचारही करू नका, कारण तिचे विष दाण्यात उतरलेले असते आणि ते यकृत निकामी करते. बियाण्यासाठी गुलाबी औषध चोळलेले धान्य कुणी स्वस्तात दिले तर तेही नाकारा.

पाणी दिवसातून दोनदा बदला. जड, पसरट, मातीचे भांडे चांगले. ते उलटत नाही आणि पाणी गार राहते. खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी तिला लागते आणि वैशाखात त्याहूनही बरेच जास्त. अशक्त दिसली तरी चोच उघडून पाणी ओतू नका. तिच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असते आणि ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. चोचीचे टोक पाण्यात बुडवून दाखवले की ती स्वतः पिते.

तिला धरायचे कसे, हे मुलाला तुम्ही स्वतः शिकवा. संध्याकाळी, दिवा मंद करून जावे, कारण अंधारात कोंबडी शांत असते. एक हात छातीखाली सरकवून बोटांच्या मध्ये तिचे पाय घ्यावेत, दुसऱ्या हाताने पंख अंगाशी लावून ठेवावेत आणि तिला आपल्या पोटाशी टेकवावे. छाती मात्र कधीही आवळू नये. आपल्यासारखा श्वासपटल पक्ष्यांना नसतो; छातीचे हाड पुढे-मागे हलवून ते श्वास घेतात, त्यामुळे लाडाने घट्ट कवटाळले तरी कोंबडी गुदमरते. पायांना धरून उलटी लटकवलेली कोंबडी आपण बाजारात रोज पाहतो म्हणून ती रीत योग्य ठरत नाही.

असे धरल्यावर दिवसाउजेडी एकदा तिला नखशिखांत पाहा. छातीवर पिसे नसणे हे ओल्या तुसावर दिवसचे दिवस बसून राहिल्याचे चिन्ह आहे. तिथली कातडी कोरडी असेल तर काही लावायला नको, कोरड्या गादीवर राहिली की हळूहळू पिसे येतील. पायाच्या मागच्या सांध्यावर तपकिरी-काळे डाग दिसतील, तेही विष्ठेतील अमोनियाने भाजल्याचे आहेत. कुठे उघडी जखम असेल तर उकळून गार केलेल्या मीठ-पाण्याने धुऊन, चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशांपासून जपा. या दिवसांत माशीने घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या निघतात. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पिसांच्या मुळाशी उवा आहेत का तेही बघा. पाठीवरचा गुलाबी रंग कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने जमेल तेवढा टिपून घ्या, कारण ती चोचीने पिसे विंचरते आणि रंग पोटात जातो. अंघोळ घालून तिला भिजवू नका.

लंगडण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. पक्ष्यांची हाडे तीन आठवड्यांच्या आसपास सांधतात, त्यामुळे वाकडे सांधलेले हाड मग तसेच राहते, आणि तुमचे सहा दिवस गेलेले आहेत. सांधा सुजलेला वा गरम लागत असेल, पाय बाजूला फेकला जात असेल, तर याच आठवड्यात पशुवैद्यकाला दाखवा. शहरातले अनेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात आणि कोंबडी म्हटली की त्यांना नवल वाटते. अशा वेळी सरकारी पशुचिकित्सालय गाठावे, किंवा वीस-पंचवीस किलोमीटरवर महूचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे जावे. तिथे कोंबडी हा अभ्यासाचा विषय आहे आणि तुमच्याकडे कुणी नवलाने पाहणार नाही. त्याच भेटीत जंताचे औषध आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस कधी टोचायची ते विचारून घ्या. तोपर्यंत घरातील दुखण्याची गोळी किंवा मलम तिला लावू नका, विशेषतः डायक्लोफेनॅक. याच औषधाने आपल्या देशातील गिधाडे जवळजवळ संपवली, म्हणून २००६ साली जनावरांसाठीचा त्याचा वापर बंद करण्यात आला. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही ते घातक आहे. उरलेल्या अँटिबायोटिकची अर्धी गोळी हाही उपाय नव्हे.

खोक्यात वर्तमानपत्र अंथरले असेल तर ते काढा. गुळगुळीत कागदावर तिचे पाय फाकतात आणि जड अंगाला ते पुन्हा जवळ घेता येत नाहीत. भाताचे तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा चार बोटे थराने पसरा आणि ओला झालेला भाग रोज काढून टाका. तुमच्या नाकाला झोंबेल एवढा वास येऊ लागण्याआधीच तिच्या डोळ्यांना तो झोंबू लागलेला असतो. खोके आणखी थोडे दिवस चालेल, मग मागच्या बाजूला सावलीत खुराडे करून घ्या. एका पक्ष्याला आत चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा असावी. इतर कोंबड्यांना बसायला उंच दांडी लागते. हिच्यासाठी जमिनीपासून वीतभरही उंची नको, कारण उडी मारून उतरताना सांध्यांवर सगळा भार येतो. जाळी अर्ध्या इंचाच्या घरांची आणि वेल्ड केलेली घ्या. साधी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगूस, घूस आणि कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कडी अशी हवी की मांजराच्या पंज्याने उघडणार नाही.

खुराड्याच्या कोपऱ्यात एका जुन्या घमेल्यात कोरडी, चाळलेली माती, थोडी वाळू आणि मूठभर राख ठेवा. तिला हे कुणी दाखवलेले वा शिकवलेले नाही, तरी एके दिवशी ती त्यात बसेल, एक पंख पसरेल, पायाने माती अंगावर उडवेल आणि डोळे अर्धवट मिटून घेईल. उवांवर याहून चांगला उपाय नाही. मुलाला ते पाहायला बोलवा.

खरी कसोटी उन्हाळ्यात आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकूनच अंग गार करते आणि ब्रॉयलरला ते सर्वांत कमी जमते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की दुपारी तिला पंख्याच्या वा कूलरच्या वाऱ्यात आणावेच लागेल. खुराड्यावर ओले गोणपाट टाकावे, पण चारही बाजू झाकून वारा कोंडू नये. पाण्याची बाटली फ्रीजमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली की ती आपणहून तिला टेकून बसते. सकाळचे खाणे ऊन चढण्याआधी आणि संध्याकाळचे ऊन कलल्यावर द्यावे, कारण अन्न पचतानाही अंगात उष्णता तयार होते. तुरा निळसर दिसला, मान लांब करून श्वास घेऊ लागली किंवा पोट पाण्याच्या पिशवीसारखे लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आता सासूबाईंविषयी. त्यांची भीती निराधार नाही आणि ती हसण्यावारी नेऊ नका. दिसायला निरोगी असलेल्या कोंबडीच्या विष्ठेतूनही साल्मोनेला हा जंतू येऊ शकतो आणि वृद्धांना व लहान मुलांना त्याचा त्रास अधिक होतो. बर्ड फ्लूही दूरदेशीची गोष्ट नाही. २०२० च्या डिसेंबरअखेरीस आपल्याच शहरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत त्यांच्यात एच५एन८ विषाणू आढळला होता. म्हणून कोंबडी स्वयंपाकघरात, देवघराकडे आणि माजघरात येणार नाही, तिची भांडी घरातल्या मोरीत धुतली जाणार नाहीत, मागच्या नळाशी साबण आणि वेगळ्या चपला असतील, तिला हात लावला की मुलगा कोपरापर्यंत हात धुईल आणि तिला तोंडाजवळ नेणार नाही, एवढे नियम तुम्ही आपणहून सासूबाईंना सांगा आणि त्यांतले कोणते कसे पाळायचे हे त्यांना ठरवू द्या. सोवळे-ओवळे जपलेल्या घरात हे नियम इतरांपेक्षा सोपे जातात, असा माझा अनुभव आहे. आसपास कावळे किंवा इतर पक्षी मरताना दिसले, किंवा हिची मान वाकडी होऊन हिरवी, पातळ विष्ठा होऊ लागली, तर उघड्या हातांनी काही न करता सरकारी पशुवैद्यकाला कळवावे. एरवी विष्ठेवर पांढरी टोपी असणे आणि दिवसातून काही वेळा तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठा होणे नेहमीचेच आहे. रक्त दिसले तर मात्र ती रक्ती हगवण समजून लगेच औषध आणावे.

चिकनवाल्याला अडीचशे रुपये द्या. त्याच्याशी हुज्जत घालू नका. ती त्याच्या मालाचा भाग होती, त्यात त्याचे पैसे गुंतलेले आहेत आणि त्याने ते मागणे रास्त आहे. पैसे दिल्यावर एका चिठ्ठीवर 'मिळाले' एवढे लिहून घेतले की तो प्रश्न मिटला. मुलगा तुमच्याबरोबर आला तर पिंजऱ्यातील बाकीच्या कोंबड्या पाहून त्याही घेऊ या म्हणेल. मला त्याची आच समजते, तरी नको. विकत घेतलेल्या प्रत्येक कोंबडीची जागा दुसऱ्या दिवशीच्या गाडीतून भरली जाते, आणि तुमच्या मागच्या अंगणात नीट जपता येतील एवढेच पक्षी तुम्ही ठेवू शकता. हे त्याला दुकानासमोर उभे राहून समजावू नका, घरी आल्यावर सांगा.

शेतात सोडण्याचा सल्ला अजिबात मानू नका. ही कोंबडी उडू शकत नाही, पळू शकत नाही, अन्न शोधायला शिकलेली नाही आणि पांढरी असल्याने लांबून दिसते. पहिल्या रात्रीच कुत्री किंवा मुंगूस तिला संपवतील. उपाशी-तहानेली राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे. तुम्हाला ठेवणे खरोखरच शक्य नसेल, तर ज्याला ब्रॉयलर म्हणजे काय हे ठाऊक आहे आणि जो तिला खाण्यासाठी नेत नाही, अशा माणसाच्या हाती ती द्या. पण तशी माणसे थोडी आहेत हे लक्षात ठेवा.

अंड्यांची चिंता आज करण्याची गरज नाही. एक तर ती कोंबडी आहे की कोंबडा हेच अजून ठरायचे आहे. कोंबडा असेल तर तुरा लवकर लाल आणि मोठा होईल, आणि तीन-चार महिन्यांचा झाल्यावर पहाटे आरवू लागेल. शेजाऱ्यांशी त्याविषयी आधीच बोलून ठेवलेले बरे. कोंबडी असेल तर सहा महिन्यांच्या आसपास ती अंडी घालू लागेल. जवळ कोंबडा नसेल तर त्या अंड्यांतून पिल्लू होणे शक्यच नसते. तुम्ही ती खात नाही, तर उकडून, कवचासकट कुस्करून तिलाच थोडी थोडी परत द्या. अंडे तयार करताना तिच्या हाडांतून गेलेले कॅल्शियम तिला परत मिळते. फक्त तिने कच्चे अंडे चोचीने फोडण्याची सवय लावून घेऊ नये यासाठी अंडे घातल्या-घातल्या उचलत जा. शेपूट खाली टाकून, पाय फाकवून ती जोर करताना दिसली आणि अंडे आले नाही, तर ते आत अडकले असेल, आणि त्यात तासांना महत्त्व असते.

कोंबडी कळपात राहणारी आहे आणि एकटेपणा तिला बाधतो. पण सोबत आणण्याची घाई करू नका. आधी हिचा महिनाभराचा विलगवास पुरा होऊ द्या. पुढे आणायचीच झाली तर चपळ गावठी कोंबडी नको, ती हिला टोचून कोपऱ्यात बसवेल. अशीच कुठेतरी सापडलेली, हिच्याच वजनाची दुसरी भेटली तर उत्तम. तोवर मुलाने शाळेतून आल्यावर तिच्याजवळ बसून अभ्यास केला तरी तिला पुरेल. आठवडाभरात ती त्याला ओळखू लागेल.

आणि मुलाला एक गोष्ट आताच सांगून ठेवा. गावठी कोंबडी पाच ते आठ वर्षे जगते. ही सगळे नीट झाले तर एक-दोन वर्षे जगेल, कदाचित थोडी अधिक, आणि एखाद्या सकाळी काहीही न चुकता ती गेलेली आढळेल. हे त्याच्यापासून लपवले तर त्या दिवशी तो स्वतःला नाहीतर तुम्हाला दोष देईल. दहा वर्षांच्या मुलाला हे समजते. त्याला हेही सांगा की ज्या पक्ष्याला बेचाळिसावा दिवस दिसायचा नव्हता त्याचा पन्नासावा दिवस त्याच्यामुळे उजाडणार आहे, आणि वाटीत कमी दाणे टाकण्याचे अवघड काम तोच करणार आहे.

वजनाचे कामही त्याच्याकडेच द्या. दर रविवारी सकाळी, खाणे देण्यापूर्वी, तिला कापडी पिशवीत बसवून काट्यावर तोलायचे आणि आकडा वहीत तारखेसह लिहायचा. चार रविवारांचे आकडे झाले की ते मला पाठवा. ते पाहून तिची वाटी वाढवायची की कमी करायची हे आपण ठरवू.